वनहक्काचा दावा कागदावर का अडतो

वनजमिनीचा वाद समजून घ्यायचा तर आधी 1927 चा वन कायदा बघावा लागतो. राखीव जंगल ठरवताना सरकारने जाहीरनामा काढायचा, हक्क सांगायला किमान तीन महिने द्यायचे आणि मुदतीत कोणी दावा केला नाही तर त्याचा हक्क संपला. पाड्यावरच्या निरक्षर माणसापर्यंत तो जाहीरनामा पोहोचला का, हे कोण विचारणार? पुढे ठाण्याकडे एकसाली (म्हणजे एकेका वर्षासाठी दिलेले) प्लॉट, रायगडात दळी अशा नावांनी जमिनी कसायला दिल्या गेल्या, पण मालकी मिळाली नाही. 1980 च्या वन संवर्धन कायद्याने वनजमीन नावावर करायलाही केंद्राची परवानगी लागू लागली. मे 2002 मध्ये केंद्राने राज्यांना अतिक्रमणं हटवायला सांगितलं आणि आंदोलनं पेटली.

त्यातून 2006 चा वनहक्क कायदा आला. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून आदिवासी कुटुंबाच्या ताब्यात असलेली जमीन, जास्तीत जास्त 4 हेक्टर, नावावर होऊ शकते. इतर पारंपरिक वननिवासींना, म्हणजे आदिवासी नसलेल्या पण पिढ्यान्‌पिढ्या जंगलावर जगणाऱ्यांना मात्र तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. ही अट फार जाचक आहे.

दावा ग्रामसभेकडे द्यायचा. 10 ते 15 जणांची वनहक्क समिती जागेवर जाऊन पडताळणी करते. पुरावे किमान दोन लागतात. गंमत म्हणजे अतिक्रमणाबद्दल वनखात्याने फाडलेली दंडाची पावती इथे कामी येते. ती हरवली असेल तर गावातल्या वृद्धांचा लेखी जबाब चालतो, मात्र तो दावेदाराव्यतिरिक्त दुसऱ्याचा हवा. बांध, विहीर, जुनं घर हेही पुरावेच. प्रत्यक्षात अनेक दावे उपग्रह नकाशात शेत दिसत नाही म्हणून फेटाळले जातात. 2012 च्या दुरुस्त नियमांत स्पष्ट लिहिलंय की असं चित्र इतर पुराव्यांना पूरक ठरू शकतं, त्यांची जागा घेऊ शकत नाही.

दावा फेटाळला तर कारण लेखी मिळालं पाहिजे, कारण अपिलाची 60 दिवसांची मुदत त्यावरून मोजली जाते. 13 फेब्रुवारी 2019 ला सर्वोच्च न्यायालयाने फेटाळलेल्या दावेदारांना हटवायला सांगितलं आणि 28 फेब्रुवारीला स्वतःच स्थगिती दिली, तेव्हा राज्यांना विचारलं गेलं ते हेच: दावे फेटाळताना रीतसर प्रक्रिया पाळली का? ग्रामसभेनंतर दावा वरच्या समित्यांकडे जातो; महाराष्ट्रात त्यातल्या जिल्हा समितीचा निर्णय पूर्वी अंतिम असे. 2020 मध्ये राज्यपालांच्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रात (राज्यघटनेनुसार जाहीर झालेल्या आदिवासी भागात) त्याविरुद्ध विभागीय समितीकडे अपिलाची सोय झाली.