जिप्सी आणि जिप्सी मेजर: नाव एक, इंजिनं दोन

दोन्ही विमानाची इंजिनं, ब्रिटिश अभियंता फ्रँक हॅलफर्डनं रचलेली. दोन्ही चार सिलिंडरची, एका रांगेतली, हवेनं थंड होणारी. त्यामुळे जिप्सी मॉथ विमानाचं 1927 चं जिप्सी 1 आणि टायगर मॉथ विमानाचं 1932 चं जिप्सी मेजर यांत सर्रास गल्लत होते. जिप्सी 1 साधारण 100 अश्वशक्तीचं, 5.23 लिटरचं, मेजर 130 अश्वशक्तीचं, 6.12 लिटरचं. खरा फरक मात्र आकड्यांत नाही. मेजर उलटं बसतं: क्रँकशाफ्ट (पिस्टनच्या जोरानं फिरणारा दांडा) वर, सिलिंडर खाली.

ओळखायला नाकाकडे पाहा. सरळ जिप्सीत सिलिंडरची डोकी प्रोपेलरच्या वर, थेट वैमानिकाच्या नजरेसमोर येतात. मेजरमध्ये प्रोपेलर नाकाच्या वरच्या कडेला असतो, म्हणून समोरचं नीट दिसतं आणि पात्यांना जमिनीपासून जास्त अंतर मिळतं. विमानाच्या नावावर विसंबू नका. मेजरच्या आधीचं जिप्सी 3 हेही उलटंच होतं, आणि पहिल्या टायगर मॉथना तेच बसवलं होतं. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, त्या पस मॉथ विमानामध्येही जिप्सी 3 च होतं.

उलटं केल्याची किंमत तेलात मोजावी लागते. सरळ इंजिनात तेल खालच्या संपमध्ये (तळाच्या तेलाच्या भांड्यात) साठतं. उलट्यात खाली सिलिंडर असल्यामुळे ते पंपानं खेचून वेगळ्या टाकीत न्यावं लागतं. टायगर मॉथच्या डाव्या कुशीला दिसते ती हीच टाकी. रॉकरची (झडपा उघडणाऱ्या दांड्यांची) झाकणं तर तेलाची भांडीच, गॅस्केट (सांध्यातली गळतीरोधक चकती) थकलं की तिथून ठिबकणारच.

याहून गंभीर गोष्ट विमान उभं असताना घडते. पिस्टन रिंगांमधून झिरपलेलं तेल ज्वलनकक्षात साठतं. तेल हवेसारखं दाबलं जात नाही. अशात इंजिन सुरू केलं तर कनेक्टिंग रॉड (पिस्टन आणि क्रँक जोडणारा दांडा) वाकतो. म्हणून आधी चाकांना अडणी, दोन्ही मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज देणारी यंत्रं) बंद, थ्रॉटल (इंजिनाचा वेग ठरवणारी झडप) बंद. मग प्रोपेलर हातानं सावकाश फिरवून चार पाती पुढे काढा. प्रोपेलरला दोन पाती, म्हणजे क्रँकचे दोन पूर्ण फेरे होतात आणि चारही सिलिंडरचा दाबाचा टप्पा तपासला जातो. मॅग्नेटो बंद असला तरी पातं जिवंत समजूनच उभं राहा, कारण मॅग्नेटो बंद करणारी अर्थिंगची तार तुटलेली असू शकते. फिरताना पातं कुठे घट्ट अडलं तर जोर लावू नका, उलटंही फिरवू नका. उलट फिरवल्यानं तेल इनलेट नळीत जाऊन सुरू होताना पुन्हा आत ओढलं जाऊ शकतं. त्या सिलिंडरचा स्पार्क प्लग काढा, तेल गळू द्या, प्लग पुसून परत बसवा.