आमवातातली न भरणारी जखम आणि अ‍ॅक्युपंक्चरची सुई

कापूस वेचणीच्या दिवसांत नडगीवर पऱ्हाटीचा ओरखडा उठतो, त्याकडे कुणी लक्षही देत नाही. आठ-दहा दिवसांत खपली पडते. आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस असलेल्या बाईच्या पायावर मात्र तोच ओरखडा दिवाळीत उठतो आणि गुढीपाडव्यापर्यंत ओला राहतो. हळद होते, झाडपाला होतो, मग कुणीतरी सांगतं, सुया टोचून घ्या, अ‍ॅक्युपंक्चरने रक्त फिरतं, जखम भरते.

यातलं ‘रक्त फिरतं’ हे खरं आहे, आणि ते कसं घडतं ते मुळातून पाहण्यासारखं आहे. ‘जखम भरते’ हे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही.

हाताच्या आतल्या बाजूवर पेनाच्या टोपणाने जरा दाबून एक रेघ ओढा. काही सेकंदांत रेघ लाल होते. अर्ध्या-एक मिनिटात तिच्या दोन्ही बाजूंना, जिथे टोपण लागलंच नाही तिथेही, लाली पसरते. सावळ्या कातडीवर ती नीट दिसत नाही, पण बोट फिरवलं तर ऊब लागते. काहींची रेघ नंतर फुगूनही येते. ब्रिटिश वैद्यक-संशोधक सर टॉमस लुईस यांनी १९२७ साली या तिन्ही पायऱ्यांचं सविस्तर वर्णन केलं. त्यातली मधली पायरी सगळ्यांत नवलाची. न शिवलेल्या कातडीला कळलं कसं? उत्तर आहे मज्जातंतू. तंतू तुटून वाळून गेला असेल तर रेघ लाल होते, फुगतेही, पण बाजूची लाली येत नाही. कुष्ठरोगाच्या बधिर चट्ट्यावर हिस्टामिनचा, म्हणजे कातडी लाल करणाऱ्या रसायनाचा, थेंब ठेवून टोचायची जुनी तपासणी याच तत्त्वावर आहे.

संवेदनेचे तंतू बातमी फक्त मेंदूकडे नेतात असं आपण शाळेत शिकतो. पण वेदनेचा बारीक तंतू कातडीत शिरला की वेलीसारखा फुटतो. एका फांदीच्या टोकाला टोचलं की विजेचा संदेश मज्जारज्जूकडे निघतो. फाट्याशी आला की तो वर तर जातोच, शिवाय शेजारच्या फांदीतून उलटा कातडीकडेही धावतो, कारण तंतूला दोन्ही दिशा सारख्याच. मेंदूला विचारायची गरजच पडत नाही. उलट्या गेलेल्या संदेशामुळे टोकातून सीजीआरपी आणि सबस्टन्स पी ही दोन रसायनं सुटतात. सीजीआरपी बारीक रोहिण्यांच्या भिंतीतले स्नायू सैल करतं, रक्तवाहिनी रुंदावते. त्याची नगण्य मात्रा कातडीत टोचली तरी लाली काही तास टिकते, हे १९८५ साली दिसून आलं. सबस्टन्स पी बारीक वाहिन्यांना झिरपतं करतं आणि शेजारच्या मास्ट पेशींतून, म्हणजे कातडीतल्या संरक्षक पेशींतून, हिस्टामिन सोडवतं. ते हिस्टामिन पुढच्या तंतूला चेतवतं, आणि लाली सरकत जाते.

अ‍ॅक्युपंक्चरची सुई साधारण पाव मिलिमीटर जाडीची असते. ती टोचली की भोवती हीच लाली उठते. ती आत जाऊन फिरली की कातडीखालचे कोलॅजन या प्रथिनाचे धागे चातीवर सूत गुंडाळावं तसे तिच्याभोवती गुंडाळतात. ओढून पाहिलं तर सुई धरून ठेवल्यासारखी लागते. या ताणाने पेशींतून एटीपी हे ऊर्जा पुरवणारं रसायन बाहेर पडतं आणि त्याचं वेदना शमवणारं अ‍ॅडिनोसिन होतं. २०१० च्या प्रयोगात उंदराच्या गुडघ्याखाली सुई अर्धा तास ठेवून दर पाच मिनिटांनी फिरवली, तेव्हा तिथलं अ‍ॅडिनोसिन सुमारे २४ पट वाढलं आणि वेदना कमी झाली. २०२१ मध्ये उंदराच्या मागच्या पायाला सुईतून मंद वीज दिल्यावर संदेश मेंदूपासून पोटापर्यंत जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूमार्गे मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीपर्यंत पोचून दाह उतरला, असंही दिसलं.

पण तो दाह जंतूंच्या विषाने मुद्दाम उठवलेला, काही तासांचा होता. आमवात वर्षानुवर्षं चालतो. २००५ च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे झालेल्या चाचण्यांच्या एकत्रित पडताळणीत, आमवातावरच्या अ‍ॅक्युपंक्चरच्या जेमतेम दोन चाचण्या, मिळून ८४ रुग्ण सापडले. सांध्यांची सूज आणि दाह मोजणाऱ्या ईएसआर, सीआरपी या रक्ततपासण्या यांत सुईने फरक पडलेला नव्हता.

जखमेचं गणित आणखी वेगळं. सुईने कातडीतली बारीक वाहिनी उघडते, म्हणजे शेताच्या चारीचं दार उघडतं. पण कालव्यालाच पाणी नसेल तर टेलच्या शेतकऱ्याला दाराचा काय उपयोग? म्हणून आधी घोट्याचा वरचा रक्तदाब डॉप्लरने, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह टिपणाऱ्या यंत्राने, मोजून त्याला दंडाच्या दाबाने भागायचं. घोट्याला ९० आणि दंडाला १३० असेल तर उत्तर ०.६९. ते ०.८ च्या खाली आलं, तर मूळ रोहिणीत अडथळा आहे असं धरून तज्ज्ञाकडे पाठवायचं. अशा पायावर घट्ट पट्टी बांधली तर पाय काळा पडू शकतो.

पुष्कळदा अडचण उलटी असते. आमवाताने घोटा आखडतो, पोटरीचा स्नायू रक्त वर ढकलेनासा होतो, नीलांमध्ये रक्त साचतं. हे चिबडलेलं काळं रान आहे. त्याला आणखी पाणी नको, चर काढून निचरा हवा. रोहिणी ठीक असल्याची खात्री झाल्यावर घोट्याशी पाऱ्याच्या ४० मिलिमीटरइतका दाब देणारी पट्टी, झोपताना पाय उशीवर आणि दिवसा घोट्याची हालचाल, हा तो निचरा. रात्र खुर्चीत बसून काढणाऱ्यांची जखम तर हमखास रेंगाळते. स्टेरॉइडने कातडी कागदासारखी पातळ होते आणि कोलॅजन कमी बनतं, पण म्हणून गोळी एकदम बंद करणं घातक आहे. रक्तक्षय, साखर, आहारातली प्रथिनं हेही तपासून घ्यावं.

आणि सुईचा खरा धोका. आमवाताच्या काही रुग्णांत पायोडर्मा गँग्रिनोसम नावाची जखम होते. कडा जांभळट, आतून पोखरलेली, दुखणं प्रचंड. या रोगात कातडीला टोचलं की टोचलेल्या जागी नवी जखम फुटू शकते. जखम खरवडल्यावर वाढली असेल तर तिथे सुई अजिबात नको. नखांच्या कडेला काळे ठिपके आले, किंवा पाऊल अचानक लुळं पडलं, तर रक्तवाहिन्यांचाच दाह असू शकतो. त्या दिवशीच रुग्णालय गाठायचं. पांढऱ्या पेशी कमी असतील किंवा प्रतिकारशक्ती दाबणारं इंजेक्शन चालू असेल, तर पाव मिलिमीटरचं भोकही जंतूंना पुरतं.

एवढं सगळं पाहूनही सांधेदुखीसाठी सुया घ्यायच्याच असतील, तर नोंदणी असलेल्या उपचारकाकडून, समोर पाकीट फोडलेल्या, एकदाच वापरायच्या सुया, आणि जखमेपासून दूर, निरोगी कातडीत. मूळ औषध चालूच ठेवायचं. गुडघ्यावर बिब्बा घालणं आणि डागणं मात्र पूर्ण थांबवा. वात त्याने निघत नाही, आधीच न भरणाऱ्या कातडीवर भाजल्याची एक जखम वाढते.

सुई घ्या किंवा घेऊ नका, जखम मोजत राहा. स्वच्छ पारदर्शक पिशवी दुहेरी करून जखमेवर ठेवा, वरच्या थरावर मार्करने कड गिरवा, खालचा थर फेकून द्या. वरच्या तुकड्यावर तारीख घालून दर आठवड्याला नवा काढा. चार आठवड्यांत क्षेत्र ४० टक्क्यांनी घटलं नाही, तर चालू उपचार पुरत नाही असं समजून ते तुकडे घेऊन डॉक्टरांकडे जा. तीन महिने उलटले असतील तर कडेचा तुकडा तपासायचा का, हेही विचारा. जुन्या जखमेत कधी कधी कर्करोग असतो.