आत्मसंरक्षण (प्राणघातक गोळीबार)

आपला किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना हल्लेखोराचा मृत्यू घडवणारी कृती. कायद्यातला शब्द ‘खाजगी संरक्षणाचा हक्क’; भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ (पूर्वीच्या भारतीय दंड विधानाची ९६ ते १०६) त्यासंबंधी आहेत.

धर्मशास्त्रातील ‘आततायी’ (घोर अपराधाला सरसावलेला) ही याच्या सर्वांत जवळची कल्पना. शुक्ल यजुर्वेदाच्या वाजसनेयी संहितेतील शतरुद्रीय या रुद्रस्तोत्रात (१६.१८) रुद्राला ‘आततायिने’ म्हटले आहे, कृष्ण यजुर्वेदाच्या तैत्तिरीय पाठात ‘आतताविने’. दोन्हींमागे ताणलेले धनुष्य असावे. निंदेची छटा बहुधा नंतरची. वसिष्ठ धर्मसूत्रात सहा आततायी येतात : आग लावणारा, विष घालणारा, शस्त्र उगारलेला आणि धन, शेत वा स्त्री हिरावणारा. बांधावरून डोकी फुटणाऱ्या मुलुखात यादीतले शेत विशेष लक्षात येते. मनू (८.३५१) आततायीच्या वधात दोष मानत नाही, गीतेतला अर्जुन (१.३६) नेमके उलट बोलतो. विज्ञानेश्वराची मिताक्षरा (याज्ञवल्क्य स्मृतीवरील टीका; अकराव्या शतकाची अखेर किंवा बाराव्याचा आरंभ) मधली वाट काढते : मारण्याचा हेतू नसताना, अडवण्याच्या ओघात आततायी ब्राह्मण मेला, तर राजाकडून शिक्षा नाही, पण अल्प प्रायश्चित्त आहे. चर्चा ब्राह्मणापुरती असली, तरी शिक्षा आणि दोष वेगवेगळे मोजण्याची ही रीत अधिक ग्राह्य वाटते. निर्दोष सुटका म्हणजे नैतिक जबाबदारीतून सुटका, असे आजही म्हणता येत नाही. बंदूक घेऊन बांधावर मुळात गेले कोण, हा प्रश्न उरतोच.

हा हक्क वाजवी भीतीबरोबर सुरू होतो आणि भीती सरताच संपतो. पोलिसांकडे जाण्याइतका वेळ असेल, तर तो मिळत नाही. बचाव आरोपीने दाखवायचा असतो. मात्र शक्यतेचे पारडे त्याच्या बाजूला झुकले तरी पुरते. दर्शनसिंग खटल्यात (२०१०) वडिलांवर हल्ला होताच बंदुकीने गोळी झाडणाऱ्या मुलाला सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष सोडले. सद्भावनेने मर्यादा ओलांडली गेल्यास खुनाऐवजी सदोष मनुष्यवध धरला जातो.

कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेकडील राधानगरी, भुदरगड, शाहूवाडी या डोंगरी तालुक्यांत गवे आणि रानडुकरांपासून पीक राखायला परवान्याच्या बंदुका बाळगतात. ठासणीच्या बंदुकीत दारू आणि छर्रे गजाने ठासावे लागतात. त्यामुळे दुसरा बार ‘त्याच क्षणी’ झाला, हे पटवणे अवघड. जखमेभोवतीची काजळी आणि छर्ऱ्यांचा पसारा अंतर सांगतात : जवळून एकच भोक, लांबून चाळण. अंधारात डुक्कर समजून माणसावर बार काढणे मात्र आत्मसंरक्षण नव्हे. तिथे प्रश्न निष्काळजीपणाचा. लोक दोन्हींची गल्लत करतात.

गोळीबाराचे नसले, तरी कोल्हापूरचे नजरकैदेतील छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांच्या मृत्यूचे प्रकरण (अहमदनगर, २५ डिसेंबर १८८३) येथे नोंदवावे. ग्रीन या गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीत महाराजांची प्लीहा (पाणथरी) फुटली, हा सरकारी वृत्तांत कोल्हापुरात अनेकांना पटला नाही.