पाचटाचा कोळसा आणि पाण्यातील जड धातू

सांगली जिल्ह्यात ऊसतोडीनंतर शेतात उरलेले पाचट अजूनही अनेक ठिकाणी पेटवून दिले जाते. हेच पाचट किंवा साखर कारखान्यातील बगॅस (रस काढलेल्या उसाचा चोथा) अत्यल्प ऑक्सिजनमध्ये साधारण ३०० ते ७०० अंश सेल्सिअस तापमानाला तापवले, तर त्याची पूर्ण राख न होता बायोचार हा सच्छिद्र कोळसा तयार होतो. पाण्यात विरघळलेले शिसे, कॅडमियम, क्रोमियम यांसारखे विषारी जड धातू धरून ठेवण्याची क्षमता त्यात असते आणि ती मोलाची आहे, कारण पाणी उकळून हे धातू जात नाहीत. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमहून अधिक शिसे भारतीय मानकाला मान्य नाही.

मात्र सगळे धातू एकाच प्रकारे पकडले जात नाहीत. शिसे आणि कॅडमियम पाण्यात धनभारित असतात. बायोचारच्या पृष्ठभागावरील ऋणभारित गट त्यांना ओढून घेतात, त्यातील कॅल्शियम व पोटॅशियम पाण्यात उतरून त्यांना जागा करून देतात आणि त्याच्या राखेतील कार्बोनेट व फॉस्फेट शिशाला न विरघळणाऱ्या क्षारांत बांधतात. मुलामा देण्याच्या उद्योगांतील सांडपाण्यात आढळणारे क्रोमेट हे क्रोमियमचे विषारी रूप मात्र ऋणभारित असल्यामुळे साधा बायोचार त्याला बहुधा दूरच लोटतो. यासाठी पाचट किंवा कोळसा फेरिक क्लोराइड या लोहाच्या क्षाराच्या द्रावणात भिजवून पुन्हा तापवतात; त्यावर बसलेली लोहाची ऑक्साइडे आम्लधर्मी पाण्यात धनभारित होऊन क्रोमेट धरतात, त्यातील काही भागाचे कमी विषारी रूपात क्षपणही (इलेक्ट्रॉन मिळून होणारे रूपांतर) होते. मॅग्नेटाइट हे लोहाचे चुंबकीय ऑक्साइड तयार झाल्यास वापरलेली भुकटी चुंबकाने बाजूला काढता येते.

पाण्याचा सामू (pH, म्हणजे आम्लतेचे माप) इथे निर्णायक ठरतो, कारण जे आम्लधर्मी पाणी क्रोमियमला अनुकूल, त्याच पाण्यात हायड्रोजनचे आयन शिशाच्या जागा बळकावतात. म्हणून एकच बायोचार सर्व धातूंवर चालेल, हा दावा मला मान्य करण्याजोगा वाटत नाही. कृष्णाकाठच्या क्षारपड पट्ट्यातील जड पाण्यात तर कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही जागेसाठी स्पर्धा करतात. त्यामुळे प्रयोगशाळेतील शुद्ध पाण्यावरच्या आकड्यांवर विसंबून न राहता चाचणी स्थानिक पाण्यावरच व्हायला हवी.

याहून गंभीर बाब वापरलेल्या कोळशाची आहे. धातू नष्ट होत नाही, कोळशात साठतो. सौम्य आम्लाने धुऊन बायोचार काही वेळा पुन्हा वापरता येतो, पण धातू त्या धुण्याच्या पाण्यात उतरत असल्याने तेही सांभाळावे लागते. जमिनीचा पोत सुधारण्यासाठी स्वच्छ बायोचार शेतात घालतात. धातूंनी भरलेला बायोचार तिथे कदापि जाऊ नये, तो घातक कचरा म्हणून अधिकृत विल्हेवाट केंद्राकडेच सोपवला पाहिजे.