पुलावरची ती ‘खडाक्’: प्रसरण सांध्यांची पार्श्वभूमी

उड्डाणपुलावर ठरावीक अंतराने चाकाखाली ‘खडाक्’ होतं, तो प्रसरण सांधा. बोलीत एक्स्पान्शन जॉइंट. जुन्या दगडी कमानींना तो लागत नसे. लोखंडी आणि पुढे काँक्रीटचे सरळ गाळे (दोन खांबांमधले पुलाचे भाग) आले, तशी फट सोडणं भाग पडलं. तापमान ४० अंशांनी बदललं की १०० मीटर काँक्रीटची लांबी चार-पाच सेंटिमीटरने कमी-जास्त होते. शिवाय पहिली काही वर्षं काँक्रीट आपणहूनही आक्रसतं.

सुरुवातीचे उपाय साधे होते: फटीवर सरकती लोखंडी पट्टी, मोठ्या पुलांना एकमेकांत शिरणाऱ्या दातेरी प्लेटा. गाडी पार व्हायची, पण पाणीही खाली उतरायचं, आणि नेमकी तिथेच बेअरिंग (तुळई ज्यावर टेकते ती उशी) आणि तुळयांची टोकं असतात. ब्रिटनमध्ये १९८९ साली २०० काँक्रीट पुलांची पाहणी झाली, तेव्हा झिजेमागचं मोठं कारण गळके सांधे हेच निघालं. अमेरिकेत मियानस नदीवरच्या पुलाचा एक गाळा २८ जून १९८३ रोजी कोसळून तिघांचा जीव गेला. गाळा लटकवणारी जोडणी गंजली होती. पुलावरचे निचरे त्याआधीच रस्त्याच्या थराखाली बुजले होते.

मग फट बंद करण्याकडे लक्ष गेलं. दोन पोलादी कडा आणि त्यांत बसवलेली रबरी पट्टी, म्हणजे स्ट्रिप सील. साधारण ८० मिलिमीटर हालचालीपर्यंत ते पुरतं, पुढे मॉड्युलर सांधा, म्हणजे अशा अनेक पट्ट्या शेजारी-शेजारी. पण माझ्या मते रबराची चर्चा गरजेपेक्षा जास्त होते. सांधा बहुधा उखडतो तो कडेला. प्रत्येक ट्रकचा आस तिथे आदळतो, सळयांत नीट न गुंतवलेले अँकर (कडा काँक्रीटमध्ये धरून ठेवणारे लोखंडी तुकडे) ढिले होतात, भोवतीचं काँक्रीट फुटतं. फटीची रुंदीही बसवण्याच्या दिवशी पूल किती तापलाय ते पाहून ठरवावी लागते. मेच्या दुपारी ऐसपैस ठेवली, तर डिसेंबरच्या पहाटे रबर निसटतं. (आणि डांबराचा नवा थर देताना सांध्यावरूनच रोलर फिरवला, तर सगळी गणितं थराखाली!)

भारतात रस्ते-पुलांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसने सांध्यांसाठी २००५ साली स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. दरम्यान ब्रिटनने १९९६ मध्येच ६० मीटरपर्यंतचे पूल शक्यतो सांध्याविना, टोकाच्या भिंतींशी एकजीव बांधायला सांगितलं होतं. आपल्याकडे अशा पुलांची मार्गदर्शिका २०१८ ची. सांधा नसलेल्या पुलांतही हालचाल थांबत नाही. ती भिंतीमागच्या भरावाला रेटत राहते आणि पुलाच्या तोंडाशी रस्ता खचू शकतो.