थव्याने राहणारे लहान शोभिवंत मासे

गोड्या पाण्यात राहणारे, बहुधा तीन ते सात सेंटिमीटर वाढणारे आणि आपल्याच जातीच्या सोबतीने निर्धास्त होणारे मासे. टेट्रा, डॅनिओ, रासबोरा आणि लहान बार्ब हे घरगुती टाक्यांत दिसणारे त्यांचे मुख्य गट. थव्यातला एकच मासा हेरणे शिकाऱ्याला अवघड जाते. डोळे आणि अंगाच्या दोन्ही बाजूंची, पाण्यातली हालचाल टिपणारी पार्श्वरेखा यांच्या आधाराने मासे एकमेकांतले अंतर सांभाळतात. एकटा पडलेला मासा कोपऱ्यात दबून राहतो, खाणे कमी करतो. टायगर बार्ब संख्येने थोडे असले तर इतरांचे पर कुरतडतात. म्हणून एका जातीचे किमान सहा, शक्यतो दहा मासे ठेवावेत. पाच जातींच्या दोन-दोन जोड्या आणण्याची हौस माशांना फार महागात पडते.

ओळख : रंगाआधी शरीराची ठेवण पाहावी. पाठीवरचा पर आणि शेपटी यांच्यामध्ये आणखी एक इवलासा मांसल पर असेल, तर मासा बहुधा टेट्रा असतो. डॅनिओ, रासबोरा व बार्ब यांना तो नसतो. निऑन टेट्राचा तांबडा पट्टा पोटाच्या मध्यापासून शेपटीकडे जातो, तर कार्डिनल टेट्राचा डोक्यामागून शेपटीपर्यंत सलग असतो. झेब्रा डॅनिओच्या अंगावर निळे आडवे पट्टे आणि तोंडाशी बारीक मिशा असतात. हार्लेक्विन रासबोराच्या मागच्या अर्ध्या भागावर काळा त्रिकोण दिसतो. नुसत्या रंगावर विसंबू नये : रात्री, तसेच भेदरल्यावर निऑनची झळाळी उतरते. प्रवासातून नुकताच आलेला मासाही फिकट दिसतो, आणि भारतात या माशांची पैदास मुख्यतः कोलकाता व चेन्नई परिसरात होत असल्याने इंदूरच्या दुकानात पोहोचणारे पुष्कळसे मासे लांबून आलेले असतात. गुलाबी वा निळ्या रंगाचे ‘विडो टेट्रा’ बहुतेकदा कृत्रिम रंग दिलेले असतात. ते विकत घेऊ नयेत.

इंदूरचे पाणी व हवा : कोणता मासा पाळावा, हे आधी नळ ठरवतो. शहराचे पाणी मुख्यतः नर्मदेचे; जलूद येथून उचलून ते सुमारे ७० किलोमीटरवर आणले जाते. ते किंचित अल्कधर्मी असते. बेसाल्ट खडकातले बोरिंगचे पाणी त्याहून बरेच जड असू शकते. कार्डिनल हा दक्षिण अमेरिकेतल्या रिओ नेग्रो व ओरिनोको नद्यांच्या खोऱ्यांतल्या मऊ, आम्लधर्मी पाण्याचा मासा, त्यामुळे बोरिंगवर तो टिकवणे कठीण. याउलट झेब्रा डॅनिओ आणि रोझी बार्ब हे भारतीय उपखंडातलेच. स्कॉटिश निसर्गअभ्यासक फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये दोघांचेही शास्त्रीय वर्णन केले. सुदामानगर वा लोकमान्यनगरातल्या घरी पहिली टाकी मांडणाऱ्याने यांपासूनच सुरुवात करावी, हे निःसंकोच सांगता येते.

माळव्याच्या रात्री सुखद असतात, पण दिवस-रात्रीच्या तापमानातला फरक छोट्या टाकीला सोसत नाही. दोन फुटी, सुमारे ५० लिटरची टाकी त्या मानाने स्थिर राहते. डिसेंबर-जानेवारीत पारा १० अंशांखाली उतरतो. तेव्हा टेट्रांसाठी लिटरला एक वॉट या हिशेबाने थर्मोस्टॅटचा हीटर लावावा. मे महिन्यात गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. अशा वेळी एअर पंप अखंड चालू ठेवावा आणि पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडावा. बाष्पीभवनाने पाण्याचे तापमान थोडे उतरते.

निगा : टाकी भरल्यावर लगेच मासे सोडू नयेत. विष्ठेतून येणाऱ्या अमोनियाचे नायट्राइट व पुढे नायट्रेट करणारे जीवाणू फिल्टरमध्ये रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. पुढे दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे. पाणी एक दिवसाआड येत असेल तर ते बादलीत उघडे साठवावे, म्हणजे क्लोरीनही उडून जातो. घाई असल्यास सोडियम थायोसल्फेट वापरावे. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुतला तर जीवाणू मरतात, म्हणून तो टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळावा. खाणे बारीक चुरून, दोन मिनिटांत संपेल एवढेच द्यावे. झेब्रा उड्या मारतो, झाकण हवेच.

निऑनच्या अंगावर फिकट पांढुरके डाग पसरून तो थव्यापासून वेगळा पोहू लागला, तर प्लिस्टोफोरा या परजीवीची शंका घ्यावी. यावर खात्रीचा इलाज नाही. असा मासा तत्काळ वेगळा करावा. नवे मासेही मुख्य टाकीत सोडण्यापूर्वी दोन-तीन आठवडे निराळ्या टाकीत ठेवावेत.