लिहिण्याची हौस आणि बक्षिसाची अट

टेरेसा अमाबिले या मानसशास्त्रज्ञ अमेरिकेतील ब्रँडाइस विद्यापीठात असताना त्यांनी हौसेने कथा-कविता लिहिणाऱ्या ७२ जणांना एका प्रयोगासाठी बोलावले. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात प्रत्येकाने आधी बर्फ या विषयावर एक छोटी कविता लिहिली. मग एका गटाला लेखनामागच्या कारणांची यादी देऊन ती महत्त्वाच्या क्रमाने लावायला सांगितले; आपणच लिहिलेले चांगले काही वाचताना होणारा आनंद, यांसारखी कारणे तीत होती. दुसऱ्या गटालाही हेच काम दिले, मात्र त्याच्या यादीत खपाऊ पुस्तकातून येणारी सुबत्ता, मासिकांमुळे वाढणारी मागणी, शिक्षकांनी दिलेले प्रोत्साहन अशी कारणे होती. तिसऱ्या गटाला कोणतीच यादी मिळाली नाही. त्यानंतर सर्वांनी हास्य या विषयावर दुसरी कविता लिहिली आणि दोन्ही कविता १२ कवींकडे परीक्षणासाठी गेल्या.

पहिल्या कवितेत तिन्ही गट जवळपास सारखे होते. दुसऱ्या कवितेत मात्र पैसा, बाजारपेठ आणि इतरांचे मत यांचा विचार करून बसलेल्यांची सर्जनशीलता स्पष्टपणे खाली आली. कविता चांगली झाली तर काही मिळेल, असे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. त्यांनी केवळ काही मिनिटे एक यादी वाचली होती. तितकीच लक्षणीय बाब अशी की, आनंदाची यादी वाचलेल्यांच्या कविता कोणतीच यादी न मिळालेल्यांपेक्षा फारशा सरस ठरल्या नाहीत. लिहिणाऱ्याला लिहिण्याची गोडी मुळातच होती, तिची आठवण करून दिल्याने ती वाढली नाही. पण लक्ष दुसरीकडे वळवताच ती उणावली.

एखादी गोष्ट तिच्यातच रस आहे म्हणून करणे याला मानसशास्त्रात आंतरिक प्रेरणा म्हणतात, आणि तिच्या बदल्यात मिळणाऱ्या गोष्टीसाठी करणे याला बाह्य प्रेरणा. या दोन प्रेरणांची साधी बेरीज होत नाही, हे मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्ये दाखवले. त्यांचे ठोकळ्यांच्या कोड्याचे प्रयोग पाठ्यपुस्तकांत असतात, परंतु त्याच शोधनिबंधातील दुसरा प्रयोग आपल्या विषयाला अधिक जवळचा आहे. महाविद्यालयीन वृत्तपत्रासाठी बातम्यांचे मथळे लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांच्या दोन तुकड्यांपैकी एकीला काही काळ दर मथळ्यामागे ५० सेंट देण्यात आले व नंतर पैसे थांबवले. मोबदला न घेणाऱ्या तुकडीचा हात सरावाने चालू लागला आणि एका मथळ्याला लागणारा वेळ घटत गेला. मोबदला घेतलेल्या तुकडीत तशी प्रगती दिसली नाही. विद्यार्थी मोजकेच होते, त्यामुळे या एका प्रयोगावर फार भार टाकू नये. मात्र त्याच निबंधात आणखी एक निरीक्षण होते: पैशाऐवजी शाबासकी दिली तेव्हा रस कमी झाला नाही, उलट वाढला.

म्हणजे दोष बक्षिसात आहे की त्याच्या अटीत? १९७३ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत झालेल्या प्रयोगात याचे उत्तर मिळते. ‘चित्र काढलेस तर प्रशस्तिपत्रक मिळेल’ असे आधी सांगितलेल्या मुलांनी पुढे चित्रकलेला इतरांच्या निम्माच वेळ दिला. तेच पत्रक अनपेक्षितपणे मिळालेल्या मुलांची आवड मात्र टिकून राहिली. डेसी, कोस्टनर आणि रायन यांनी १९९९ मध्ये १२८ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हाही आधी कबूल केलेले ठोस बक्षीस घातक ठरले, अवचित मिळालेले ठरले नाही. मुळात कंटाळवाण्या कामांत तर असे नुकसान दिसलेच नाही. बक्षिसावर विश्वास असणाऱ्या संशोधकांनी या निष्कर्षांशी बराच वाद घातला आहे, आणि तो अगदीच निराधार नाही, कारण परिणाम किती मोठा असेल हे काम व परिस्थितीनुसार बदलते.

२०१० साली कोउ मुरायामा आणि सहकाऱ्यांनी हीच गोष्ट मेंदूत पाहिली. घड्याळ बरोबर ५ सेकंदांवर थांबवायचे, असा साधा पण चुरशीचा खेळ त्यांनी निवडला. यशाबद्दल पैसे मिळणाऱ्या गटात मेंदूच्या खोल भागातील, बक्षिसाच्या जाणिवेशी जोडलेले स्ट्रायटम हे केंद्र सुरुवातीला जोमाने उद्दीपित झाले. पैसे बंद झाल्यावर त्याच खेळात त्याची हालचाल मंदावली. यशाशी पैसे न जोडलेल्या गटात अशी घसरण झाली नाही.

ओढ आतून असली की ती चांगलीच, असा समज मात्र करून घेऊ नये. माँट्रियलचे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट वॅलरँड यांनी २००३ मध्ये ओढीचे दोन प्रकार मांडले. एका प्रकारात माणूस छंद आपखुशीने जोपासतो आणि तो आयुष्यातील इतर गोष्टींशी जुळवून घेतो. दुसऱ्यात छंदच माणसाला पछाडतो. प्रतिष्ठा किंवा स्वतःविषयीचे मत त्याला चिकटलेले असते आणि थांबावेसे वाटूनही थांबता येत नाही. आज किती जणांनी वाचले हे तासातासाला पाहणारा लेखक बहुधा या दुसऱ्या प्रकाराकडे सरकलेला असतो, असे मला वाटते.

आवडीच्या जोरावर लेखन आपोआप होत राहते, या भाबड्या समजुतीलाही रॉबर्ट बॉइस यांच्या १९८३ च्या अभ्यासाने धक्का दिला. त्यांनी २७ प्राध्यापकांचे तीन गट केले. मनात येईल तेव्हा लिहिणाऱ्यांकडून दिवसाला सरासरी एक पानही झाले नाही आणि नवी कल्पना दोन दिवसांतून एकदा सुचली. ठरलेली पाने न लिहिल्यास नावडत्या संस्थेला पैसे द्यावे लागतील, अशा अटीने बांधलेल्यांनी दिवसाला तीनहून अधिक पाने लिहिली आणि त्यांना जवळपास रोज एक कल्पना सुचली. लेखन टाळायला सांगितलेल्यांना कल्पना पाच दिवसांतून एकदाच सुचली. वरवर पाहता हे अमाबिले यांच्या निष्कर्षाच्या विरुद्ध जाते, पण इथली अट माणसाला टेबलापाशी आणून बसवण्यापुरती होती; काय लिहावे आणि ते कोणाला आवडावे, याबद्दल ती काहीच सांगत नव्हती.